जुनी आलिशान फोर बाय फोर: मीटर नंतर बघा, आधी गाडीखाली जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरला की आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत वापरलेल्या आलिशान फोर बाय फोर गाड्या दिसू लागतात. लँड रोव्हर डिस्कव्हरी, रेंज रोव्हर स्पोर्ट, मर्सिडीज जीएल, बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह, ऑडी क्यू-सेव्हन, टोयोटा प्राडो. नवी असताना पाऊण कोटीच्या घरात असलेली गाडी दहा-बारा वर्षांनी नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात मिळते, तेव्हा मन होणारच. जाहिरातीत ठळक अक्षरांत एकच गोष्ट असते: ‘फक्त ६५,००० किमी’. जिने १,६०,००० किमी केले आहेत तिच्याकडे कोणी फिरकत नाही. गिऱ्हाइकाचे नुकसान इथूनच सुरू होते, म्हणून हे पत्र.

गाडी कुठे आणि कशी चालली, तेल किती वेळा बदलले आणि तिचा खालचा पत्रा कुठल्या हवेत राहिला, यावर अशा गाडीचे उरलेले आयुष्य ठरते. बेळगाव-पुणे हायवेवर एका चालीने दीड लाख किमी धावलेली डिझेल गाडी दर १०,००० किमीला तेल बदलून घेत आली असेल, तर ती पणजी-पर्वरी-म्हापसा अशा आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारत दहा वर्षे राहिलेल्या ५०,००० किमीच्या गाडीपेक्षा बरीच निरोगी असते. कारण साधे आहे. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे डीपीएफ म्हणतात, तो धुरातली काजळी अडवतो; ती साठलेली काजळी जाळायला इंजिन पुरते तापून पंधरा-वीस मिनिटे सलग चालावे लागते. छोट्या फेरीत ते काम अर्ध्यावर तुटते आणि त्यासाठी जादा सोडलेले डिझेल न जळता सिलिंडरच्या कडेने खाली तेलात उतरते. तेल पातळ होते, पातळी वर चढते आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगला हवे तेवढे संरक्षण मिळत नाही. म्हणून डिपस्टिकवर तेल ‘कमाल’ खुणेच्या वर दिसले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर मीटर कितीही कमी दाखवो, सावध व्हा. काही गाड्यांत डिपस्टिकच नसते. पातळी डॅशबोर्डच्या मेनूत पाहावी लागते.

आता मीटरविषयी. मीटर मागे फिरवणे हे आज लॅपटॉप आणि वायर घेऊन बसलेल्या माणसाचे अर्ध्या तासाचे काम आहे. पण आकडा फक्त मीटरमध्ये राहत नाही. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत चावीतही किलोमीटर नोंदले जातात आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ते वाचता येतात. फोक्सवॅगन-ऑडी गटाच्या गाड्यांत एखादा दोष नोंदला गेला की त्याच्यासोबत तेव्हाचे किलोमीटरही साठतात. मीटर ६५,००० दाखवत असेल आणि गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमधला जुना दोष १,१२,००० किमीवर नोंदलेला असेल, तर वेगळा पुरावा लागत नाही. हे दोष वाचणारे यंत्र, म्हणजे स्कॅनर, नसला तरी टायरवर बघा. टायरच्या कडेला चार आकडे लंबगोलात असतात: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. अडीच टन वजनाच्या गाडीचा टायर साधारण ४०-५० हजार किमी टिकतो. म्हणून कमी किमीच्या गाडीला तिसरा संच कसा, हे विचारायलाच हवे. काचांवरही वर्षाची खूण असते आणि सीट बेल्टच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर उत्पादनाची तारीख असते. बेल्टची तारीख गाडीच्या वर्षानंतरची असेल तर तो बेल्ट बदलला आहे, म्हणजे बहुधा मोठ्या अपघातात एअरबॅग उघडल्या आहेत. चालकाच्या सीटची दाराकडची कड दबली आहे का, ब्रेक पेडलचे रबर एका बाजूने गुळगुळीत झाले आहे का, हेही मीटरशी ताडून पाहावे.

सर्वांत चांगला पुरावा अर्थात जॉब कार्डांचा. नुसती शिक्का मारलेली वही पुरत नाही. प्रत्येक बिलावर तारीख, किमी, तेलाचा ग्रेड आणि बदललेल्या पार्टचा नंबर हवा. जिची दीड लाख किमीची बिले एका फाइलीत आहेत ती गाडी, जिची ६५,००० किमीची बिले ‘कुठेतरी ठेवली आहेत’ तिच्यापेक्षा महाग मिळाली तरी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

गोव्यात मात्र या सगळ्याच्या आधी गाडीखाली जावे लागते. इथे वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, किनारपट्टीवर वारा मीठ घेऊन येतो, आणि गाडी बागा-हणजूण-मोरजीच्या बाजूला उघड्यावर उभी राहत असेल तर ते मीठ पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात बसते. किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे, तरी वाळूत रुतलेल्या एसयूव्हीच्या बातम्या आपणच छापता. ती गाडी ओढून बाहेर काढली जाते, वरून धुतली जाते, आणि चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पोकळ भागात गेलेली खारी वाळू तिथेच राहते. भरतीच्या वेळी फेरीबोटीच्या रॅम्पवर चाक उतरते तेव्हाही खारे पाणीच उडते. चोडण-दिवाडीच्या बाजूला रोज ये-जा करणारी गाडी असेल तर मागच्या ब्रेकच्या नळ्या नीट पाहाव्यात.

तपासणी कशी करावी ते सविस्तर सांगतो, कारण नेमकी हीच टाळली जाते. गाडी दोन खांबी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्या. रस्त्यावर जॅक लावून खाली शिरू नका. एअर सस्पेन्शनची, म्हणजे हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगांवर उभी असलेली, गाडी अचानक खाली बसते आणि जीव जातो. चांगला टॉर्च आणि जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर पुरे. चेसिसच्या दोन्ही बाजू पुढून मागे मुठीने ठोकत जा. शाबूत पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, आतून खाल्लेल्या पत्र्याचा बद्द. मागच्या चाकांच्या पुढे, डिझेल टाकीच्या वर आणि टो हुकच्या आडव्या पट्टीपाशी जास्त वेळ द्या, कारण तिथे चिखल साचतो आणि वाळत नाही. सगळीकडे ताजे काळे अंडरकोटिंग मारलेले दिसले तर आनंदून जाऊ नका. विकायच्या आठवड्यात मारलेला तो थर गंजावर बसवलेला असतो. नखाने पापुद्रा निघाला की कळते.

प्राडोची बॉडी शिडीसारख्या चेसिसवर बसलेली असते, डिस्कव्हरी ३ आणि ४ मध्येही खाली चेसिस आहेच. त्यामुळे गंज लागला तरी काही काळ गाडी चालत राहते आणि मालकाला पत्ता लागत नाही. डिस्कव्हरीत आणखी एक त्रास आहे: खालच्या सस्पेन्शन आर्मचे बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून घट्ट बसतात. वरून काही दिसत नाही, पण अलाइनमेंट करायला गेले की बोल्ट फिरत नाही. मग तो कापावा लागतो आणि बुशसकट आर्म बदलावा लागतो. म्हणून व्यवहाराआधी चारही चाकांचे अलाइनमेंट करून त्याची छापील प्रत मागा. ‘ॲडजस्ट होत नाही’ असा शेरा आला तर तो खर्च किमतीतून वजा करा. २०१२ नंतरच्या मोठ्या रेंज रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. तिथे लाल गंज दिसणार नाही. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला भिडतो त्या जागी पांढरी भुकटी आणि रंगाखाली फुगवटे दिसतात. दारांच्या खालच्या कडा आणि बोनेटचा पुढचा ओठ बोटाने चाचपून पाहा.

सांगे, धारबांदोडा, डिचोली भागात खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीची कथा निराळी. तांबडी बारीक धूळ हँडब्रेकच्या मागच्या ड्रममध्ये शिरते. डिस्कव्हरीचा हँडब्रेक विजेच्या मोटरवर चालतो. धुळीने शू झिजले किंवा त्यांचे अंतर वाढले की मोटर आपल्या मर्यादेपलीकडे ओढत राहते, कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतो, आणि काही दिवसांनी पूर्ण मोड्यूल जाते. हा आवाज ऐकू आला तेव्हाच ड्रम उघडून शू साफ करून नीट बसवले तर काम स्वस्तात होते. ऐकून सोडून दिले तर महाग पडते.

एअर सस्पेन्शनवर थोडे जास्त लिहितो, कारण या गाड्यांत सर्वाधिक लोक इथे फसतात. आदल्या संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करून चावी काढून ठेवायला सांगा. सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने चारही कोपरे मोजा. पुढच्या दोन चाकांत किंवा मागच्या दोन चाकांत एकमेकांत १५ मिमीहून जास्त फरक असेल, तर खाली बसलेल्या बाजूचा एअर स्प्रिंग किंवा स्प्रिंगांना हवा वाटणारा व्हॉल्व्ह ब्लॉक हवा सोडतो आहे. मग गाडी सर्वांत उंच पातळीवर घ्या, म्हणजे रबराच्या घड्या उघडतील, आणि साबणाचे पाणी फवारा. बुडबुडे आले की काम झाले. बुडबुडे नसले तरी घडीत बारीक भेगा दिसल्या तर त्या स्प्रिंगचे दिवस भरले आहेत.

विक्रेता अनेकदा सांगतो, ‘कॉम्प्रेसर नवीन टाकला आहे.’ नुसता कॉम्प्रेसर नवीन असणे हे चांगले लक्षण नाही. स्प्रिंग गळतो म्हणून कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो, तापतो आणि जळतो. गळती तशीच ठेवून नवा लावला तर तोही त्याच वाटेने जातो. त्याच्या शेजारी हवा कोरडी करणारी गोळ्यांची नळी असते. आपल्या पावसाळ्यात त्या गोळ्या ओल्या होऊन भरतात, मग पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते आणि आतले बारीक व्हॉल्व्ह गंजून अडकतात. कॉम्प्रेसर बदलताना ड्रायर आणि रिलेही बदलायला हवेत. रिलेचे टोक चिकटून राहिले तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही. स्प्रिंग नेहमी जोडीने बदलावेत. एअर काढून साध्या कॉइल स्प्रिंगचे किट बसवलेल्या गाड्याही बाजारात आहेत. त्या चालतात, पण उंची वरखाली होत नाही, डॅशवरचे दिवे वायर जोडून विझवलेले असतात, आणि ज्या कारणासाठी ही गाडी घेतो तेच गेलेले असते. अशा गाडीला मी तरी अर्ध्याहून जास्त भाव देणार नाही.

इंजिनात कंपनीगणिक ठरावीक दुखणी आहेत. डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर स्पोर्टच्या २.७ आणि ३.० लिटर व्ही-सिक्स डिझेलमध्ये क्रँकचे बेअरिंग आपल्या जागी फिरून तेलाचे भोक बंद करते आणि क्रँक जॅम होतो किंवा तुटतो, हा जगभर नोंदला गेलेला दोष आहे. त्याची आगाऊ खूण फार मिळत नाही. तेल बदलण्याच्या लांब मुदती टाळणे एवढाच आपल्या हातातला उपाय, म्हणून अशा गाडीची तेलबदलाची बिले नसतील तर घेऊच नये. तेलाचा फिल्टर काढून घडी पसरून पाहा. उन्हात चकाकणारा चुरा दिसला तर तिथेच नमस्कार करून निघा. याच इंजिनांना पुढे टायमिंग बेल्ट आणि मागे डिझेल पंपाचा वेगळा छोटा बेल्ट असतो. पुढचा बदलतात, मागचा विसरतात. जुन्या २.७ मध्ये ऑइल पंपाचे आवरण बेल्टच्या टेन्शनरपाशी तडकते, म्हणून बेल्टच्या कामात सुधारित पंप टाकलेला बरा. बेल्टला सात वर्षे झाली असतील तर किमी काहीही असोत, बदला. टर्बोचे काम निघाले तर डिस्कव्हरीत बहुतेक वेळा बॉडी चेसिसवरून उचलावी लागते, हे मजुरीच्या हिशेबात धरा.

मर्सिडीजच्या जीएल आणि एमएलमधल्या ३.० लिटर व्ही-सिक्स डिझेलचा ऑइल कूलर इंजिनच्या दोन रांगांच्या मधल्या दरीत, टर्बो आणि मॅनिफोल्डच्या खाली बसतो. त्याची रबरी सील उष्णतेने कडक होऊन गळतात, तेल दरीत साठून मागे वाहते आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून टपकते. खालून पाहणारा मेकॅनिक क्रँकचे मागचे सील गेले असे सांगून गिअरबॉक्स उतरवतो, आणि गळती तशीच राहते. कूलरची सील स्वस्त आहेत, मजुरी दोन-तीन दिवसांची आहे. काम झाले असेल तर नव्या जातीची जांभळी सील टाकली का ते बिलावर पाहा.

२०१० नंतरच्या एक्स-फाइव्हच्या डिझेलमध्ये आणि क्यू-सेव्हनच्या ३.० टीडीआयमध्ये टायमिंग चेन इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सकडे आहे. चेन सैल झाली की थंड इंजिन सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद खडखडाट होतो आणि मग थांबतो. म्हणून गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी या. प्राडोच्या ३.० डिझेलचे नाव चांगले आहे आणि ते खरेही आहे, पण तिथे इंजेक्टरच्या बुडाची तांब्याची वॉशर गळते, काजळी तेलात मिसळते आणि चेंबरमधली, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतली, तेल ओढणारी जाळी चोंदते. तेलाचा दाब जातो आणि चांगले इंजिन मरते. वॉशर वेळेवर बदलल्याची नोंद मागा. तिचा टायमिंग बेल्ट १,५०,००० किमीला बदलायचा असतो; डॅशवरचा दिवा विझवता येतो, म्हणून दिव्यावर भरवसा न ठेवता बिल पाहा.

यांपैकी अनेक गाड्यांत झेडएफ कंपनीचा सहा किंवा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आहे. गाडीच्या पुस्तकात ‘तेल आयुष्यभराचे’ असे लिहिलेले असले तरी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. सहा गिअरच्या बॉक्सचा प्लास्टिकचा चेंबर आणि फिल्टर एकाच तुकड्यात येतात. नुसता फिल्टर मिळत नाही. वायरिंगच्या जोडाची रबरी बाही गळते, तीही तेव्हाच बदलायची. पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना पाहायची असते. थंड तेलावर भरून झाकण लावले तर पातळी चुकते आणि गिअर झटके देऊ लागतो. मग दोष बॉक्सला दिला जातो. चालवून पाहताना सपाट रस्त्यावर ६० ते ८० च्या वेगात पेडल अगदी हलके दाबून धरा. रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी बारीक थरथर जाणवली तर टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच झिजला आहे.

ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, हा फोर बाय फोरचा प्राण. लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारी गिअरची जोडणी) असलेल्या गाडीत ती प्रत्यक्ष लावून बघा, थांबून, न्यूट्रलमध्ये घालून. बरेच मालक वर्षानुवर्षे तो खटका हलवत नाहीत आणि मोटर अडकून बसते. एक्स-फाइव्हमध्ये लो रेंज नाही, पण तिच्या ट्रान्सफर केसच्या मोटरमधले प्लास्टिकचे दातेरी चाक झिजते आणि पुढच्या चाकांना ताकद जाणे बंद होते. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडखळत चालली तर तेल जुने आहे किंवा टायर जुळत नाहीत. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि झिजेत दोन-तीन मिमीहून जास्त फरक नसलेले हवेत. एकच टायर नवा टाकून काम चालवणाऱ्या मालकाने ट्रान्सफर केसचा क्लच रोज घासलेला असतो. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचा भरायचा बोल्ट उघडून तेलात बोट बुडवा. दुधाळ असेल तर गाडी पाण्यात गेली आहे. डिस्कव्हरीला ७०० मिमी पाण्यातून जाता येते असे कंपनी सांगते; ते थांबून, सावकाश आणि गोड्या पाण्यातून, आणि त्यानंतर तेल तपासून.

सनरूफच्या गाडीत अर्धा लिटर पाणी घेऊन सनरूफच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या पन्हळीत सावकाश ओता. ते पुढच्या चाकांमागून खाली पडायला हवे. किनाऱ्यालगत सुरूच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या बारीक काड्या नळीत अडकतात, पाणी छताच्या आतून कार्पेटखाली जाते, आणि तिथे किंवा डिकीच्या तळाशी असलेली इलेक्ट्रॉनिक मोड्यूल भिजतात. कार्पेट उचलून खालच्या फोमवर हात दाबा. सीटच्या रुळांच्या बोल्टवर तांबूस गंज असेल तर २०१८ चा केरळ किंवा २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर डोळ्यांपुढे आणावा; बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांकडून लिलावात जातात आणि वर्षभराने चकचकीत होऊन दुसऱ्या राज्यात येतात. विम्याचे जुने दावे मागवून पाहावेत.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त स्कॅनरने एवढेच कळते की इंजिनात दोष आहे की नाही. सस्पेन्शन, ट्रान्सफर केस, हँडब्रेक त्याला दिसत नाहीत. मर्सिडीजला एक्सेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्ता, ऑडीला व्हीसीडीएस, लँड रोव्हरला एसडीडी किंवा गॅपचे यंत्र लागते. ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच गाडी न्या आणि फी देताना घासाघीस करू नका. मात्र साधा स्कॅनरही एक उपयोगी आकडा देतो: नोंदलेल्या दोषांचे कोड पुसल्यापासून गाडी किती किमी धावली. तो आकडा ३० असेल तर तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी दिवे विझवले आहेत.

चालवून बघायला गावातली फेरी पुरत नाही. उत्तरेत साखळीहून केरीमार्गे चोर्ला, पूर्वेला मोल्याहून अनमोड, दक्षिणेत काणकोणचा करमल घाट, यांपैकी एक एसी चालू ठेवून चढा. वर पोहोचल्यावर इंजिन पाच मिनिटे उभ्यानेच चालू ठेवा. पंखा सतत पूर्ण वेगाने ओरडत राहिला, कूलंटचा गोडसर वास आला किंवा थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक आवरणाखाली ओल दिसली, तर प्लास्टिकच्या पाइपा आणि पाण्याचा पंप बदलायची वेळ झाली आहे. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले तर डिस्क वाकड्या आहेत. इंजिन गरम असताना कूलंटचे झाकण कोणीही उघडू नये.

कागदांचे थोडक्यात, पण हे सोडू नका. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी प्रत्यक्ष निघाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र, इथल्या नंबरसाठी फॉर्म २७. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी गोव्यात राहिली तर इथला नंबर घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि इथला कर भरून जुन्या राज्याच्या कराचा परतावा वेगळा मागावा लागतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंधन आणले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केले. पुढे त्यात बदल होत राहिले, पण तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडतात. त्यांचे चेसिस कोरड्या हवेमुळे इथल्या गाड्यांपेक्षा कितीतरी चांगले असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. अडचण असते ती कागदांची. आयात झालेल्या गाडीचे सीमाशुल्काचे कागद मागाच. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने भूतानमार्गे आलेल्या आलिशान गाड्या जप्त केल्या, तेव्हा पुढच्या मालकांच्या दारातूनही गाड्या उचलल्या गेल्या. शिवाय १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीला ५,००० आणि आयात मोटारीला ४०,००० रुपये आहे, २०२२ पासून. चौदा वर्षांची आयात गाडी घेणाऱ्याने हे आधीच धरून चालावे. पूर्वी काळ्या पाटीवर भाड्याने फिरलेली गाडी खाजगी करून विकली जाते, तेव्हा आरसीवरचा जुना वर्ग पाहावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही आणि विमा आपल्या नावावर चौदा दिवसांत करून घ्यावा लागतो.

पैशांचा हिशेब असा ठेवा: हातात १८ लाख असतील तर गाडी १३ लाखांची बघा. उरलेले पाच लाख पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियल यांची तेले, कूलंट, ब्रेक ऑइल, बेल्ट हे सगळे पहिल्याच आठवड्यात, बिले असली तरी, बदलून टाका. ज्याच्याकडे एवढी रक्कम बाजूला ठेवायला नाही त्याने कर्ज काढून ही गाडी घेऊ नये. इथे एक काम टाळले की ते दुसऱ्या पार्टला घेऊन जाते.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी आहे. वापरलेल्या गाडीच्या छोट्या जाहिरातीत किलोमीटरसोबत नोंदणीचे वर्ष, आतापर्यंतच्या मालकांची संख्या, शेवटच्या सर्व्हिसची तारीख आणि तेव्हाचे किमी, आणि आयात गाडी असल्यास तसा उल्लेख, एवढे छापणे बंधनकारक करावे. डीलरची जाहिरात असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे परिवहन खात्याने दिलेला त्याचा अधिकृत डीलर क्रमांकही असावा. जाहिरात दोन ओळींनी वाढेल आणि त्या दोन ओळींचे पैसे विक्रेत्याकडून घ्यावेत.

आपला,
एक गॅरेजचालक, म्हापसा